रामकुंडावरच्या नामावळीच्या वह्या: आमच्या डॉक्टरांचं नाव तिथे सापडलं

गेल्या सर्वपित्री अमावास्येला, २१ सप्टेंबर २०२५ ला, आम्ही नाशिकला रामकुंडावर होतो. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं होतं. मी, धाकटा भाऊ आणि ८४ वर्षांची आई. तर्पण आटोपत आलं तसं गुरुजींनी विचारलं, "आणखी कोणाच्या नावाने पाणी सोडायचंय?" आई लगेच म्हणाली, "डॉक्टरांच्या." गुरुजी पळी हातात धरून थांबले. "नाव सांगा." आई माझ्याकडे बघायला लागली, मी भावाकडे. मागे माणसं खोळंबली होती. "गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणतो आपण, त्याची अडचण नाही," गुरुजी म्हणाले, "पण नाव तर हवं ना, ताई." शेवटी नुसतं 'आप्त' म्हणून पाणी सोडलं. रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

नावाचा शोध तिथून सुरू झाला आणि साडेतीन महिन्यांनी त्याच रामकुंडाजवळच्या एका वाड्यात, माडीवर, एका वहीत संपला. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थावरच्या गुरुजींकडे, येणाऱ्या माणसांची घराण्यावार नोंद ठेवलेल्या नामावळीच्या वह्यांबद्दल आपण सगळे ऐकून असतो, पण दशक्रियेला किंवा अस्थी घेऊन गेल्याशिवाय तिकडे कोणी वळत नाही. मी फक्त नोंद शोधायला म्हणून गेले. तो अनुभव कसा होता, काय चांगलं, काय कमी, ते सविस्तर लिहिते. ज्यांना कोणाचं नाव शोधायचंय त्यांना उपयोग होईल.

आधी डॉक्टरांविषयी सांगायला हवं.

आमचं गाव सिन्नर तालुक्यात. पावसाच्या भरवशावरची शेती आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका. १९५० नंतर केव्हातरी हे डॉक्टर गावात आले. एकटे. मारुतीच्या पाराजवळ दोन खणांची खोली, बाहेर पाटी, पाटीवर 'एल.सी.पी.एस.' अशी अक्षरं होती हे आईला पक्कं आठवतं. कारण तिला वाटायचं, तेच त्यांचं नाव आहे. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती परवाना-पदवी. त्या काळी खेड्यापाड्यांत पोचलेले पुष्कळ डॉक्टर एलसीपीएसच असायचे. सगळं गाव त्यांना 'डॉक्टर' म्हणायचं. दुसरा डॉक्टरच नव्हता पंचक्रोशीत, मग नावाची गरज कोणाला पडणार?

मला ते थोडे आठवतात. चेहरा नाही, हात आठवतात. मिक्श्चरची बाटली भरली की ते कागदाची अरुंद पट्टी घ्यायचे, तिची उभी घडी घालून कात्रीने कडेला खाचा पाडायचे, पट्टी उलगडली की दोन्ही कडांना सारख्या दातांची नक्षी. मग डिंक लावून ती बाटलीवर चिकटवायचे. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून. विड्या वळणाऱ्या बायका खोकत यायच्या, त्यांच्या बाटल्यांची पट्टी ते मोठी कापायचे, असं आई सांगते.

१९६६ च्या थंडीत मला घटसर्प झाला. मी चार वर्षांची. घशात पांढरा पापुद्रा धरला होता आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता, हे सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं. डॉक्टरांनी घसा बघितला, नानांना म्हणाले, "हिच्याजवळून हलू नका," आणि संध्याकाळच्या एसटीने नाशिकला गेले. परतीची गाडी नव्हती. रात्री कुठल्यातरी मालट्रकमध्ये बसून पहाटे सीरम घेऊन आले. पुढचे दोन दिवस आमच्या ओसरीवर बसून राहिले. पैसे घेतले नाहीत. मी आज ६३ वर्षांची आहे ती त्या ट्रकमुळे.

ते गेले तेव्हा मी पहिलीत होते. हृदयविकार. कोणी नातेवाईक आले नाहीत, कारण कळवायचं कोणाला हेच माहीत नव्हतं. गावानेच खांदा दिला. नाना सोसायटीचे सेक्रेटरी होते, तेच अस्थी घेऊन नाशिकला गेले. आणि त्यानंतर दर पितृपक्षात आमच्या घरी पितरांच्या पानांत एक पान जास्तीचं असायचं. डॉक्टरांचं. नाना त्या पानावर घास ठेवताना ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचे. ते नाव असणार. मी ३६ वर्षं पोस्टात काढली, दिवसभर लोकांची नावं वाचली, आणि नानांना एकदाही विचारलं नाही की तुम्ही काय पुटपुटता. ही गोष्ट मला फार लागली आहे.

शोध सुरू केला तेव्हा सोपं वाटलं होतं. गावात म्हाताऱ्या माणसांना विचारलं, तिघांनी तीन आडनावं सांगितली. वैद्यक परिषदेच्या नोंदी नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने शोधायच्या असतात, आणि आमच्याकडे नेमकं तेच नव्हतं. मग कोतवाल बुकाचं नाव निघालं. गाव नमुना १४, जुन्या काळी गावचे जन्म-मृत्यू त्यात लिहीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून हे शब्द सगळ्यांना माहीत झालेत. एका सरकारी कार्यालयात चार खेपा घातल्या, पण मला हवं ते वर्ष त्या बाडात नव्हतंच. दरम्यान "जुन्या नोंदी घरबसल्या काढून देतो" म्हणणाऱ्या एका एजंटाला मी अडीच हजार रुपये देऊन बसले. त्याने आमच्याच आडनावाची छापील वंशावळ पाठवली, तीही दुसऱ्या तालुक्यातल्या कुळाची. पैसे परत मिळाले नाहीत. असल्या माणसांना कृपा करून आगाऊ पैसे देऊ नका.

वहीचं सुचवलं आईनेच. म्हणाली, "नाना गंगेवर जाऊन आले ना, मग भटजींनी लिहून घेतलं असेल की." नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात, आई अजून तसंच म्हणते.

मी पहिल्यांदा गेले ती चुकीच्या माणसाकडे. गंगाघाटावर रिक्षातून उतरल्याबरोबर एकजण पुढे आला, "कोणतं गाव? आहे आपल्याकडे." गाव सांगायच्या आतच 'आहे' म्हणाला, तिथेच मी ओळखायला हवं होतं. अर्धा तास बसवून ठेवलं, एक वही उघडली, ती नगर जिल्ह्यातली निघाली. मी उठून आले. म्हणून पहिली सूचना हीच: वाटेत गाठणाऱ्याबरोबर जाऊ नका. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांमध्ये वृत्ती वाटलेल्या आहेत. अमुक गावं, अमुक आडनावं अमुक घराण्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या. आपली वही एकाच घरात असते, दुसरीकडे मिळणारच नाही. रामकुंडावर पुरोहित संघाच्या कार्यालयात जाऊन गाव, तालुका आणि आडनाव सांगा, ते घर सांगतात. मला तिथल्या गृहस्थांनी दोन मिनिटांत सांगितलं, एवढंच नाही तर एक मुलगा बरोबर देऊन कपालेश्वराच्या पायऱ्यांपर्यंत पोचवलं.

पंचवटीतल्या एका बोळात, जुना लाकडी वाडा. खाली अंगणात धोतरं वाळत होती. धाकटे गुरुजी, पंचेचाळिशीचे असतील, नुकतेच एका कुटुंबाचे विधी उरकून आले होते. त्यांनी आधी चहा आणायला सांगितला, मग विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरांचं नाव शोधायचंय, १९६८-६९ मध्ये वारले. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "ताई, वहीत गेलेल्याच्या नावाने शोधता येत नाही. कोण घेऊन आलं होतं ते सांगा. वही येणाऱ्याची असते."

या एका वाक्याने सगळं बदललं. मी तीन महिन्यांहून जास्त काळ डॉक्टरांना शोधत होते. शोधायचं होतं नानांना.

नामावळीची मांडणी अशी असते. आधी गाव. गावात मग जात, आणि जातीत आडनाव. त्या आडनावाची जी माणसं नाशिकला आली, त्यांची एकापाठोपाठ एक नोंद: कोण आलं, बरोबर कोण, बापाचं नाव, आजाचं नाव, भाऊ, चुलते, मुलं, कशासाठी आले, तिथी आणि शक, खाली सही किंवा अंगठा. पुढच्या खेपेला त्याच घरातला दुसरा कोणी आला की गुरुजी मागची नोंद वाचून दाखवतात, पटली की खाली नवी लिहितात. म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर म्हणून तिच्याकडे बघू नये, ती येणाऱ्याजाणाऱ्यांची वही आहे. आमचे डॉक्टर परगावचे, त्यांची जात गावात कोणाला माहीत नव्हती, त्यांच्या आडनावाचं पान आमच्या गावाच्या वहीत असणंच शक्य नव्हतं. असतील तर ते आमच्या पानावर असणार होते.

"महिना आठवतो का?" मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "संक्रांतीच्या आधी. त्या वर्षी गावात कोणी तिळगूळ केला नाही." गुरुजींनी मान हलवली. "म्हणजे पौष. शके १८९०." त्यांनी हिशेब बोटावर केला, मी नंतर कॅलेंडरवर पडताळला, बरोबर होता. जानेवारी १९६९.

त्या दिवशी वही मिळाली नाही. त्या काळातली वही थोरल्या गुरुजींच्या ताब्यात, माडीवरच्या पेटीत, आणि ते दुपारी झोपलेले. "पुढच्या मंगळवारी या, तीननंतर." मला घाई होती तरी हे आवडलं. म्हाताऱ्या माणसाला झोपेतून उठवलं नाही.

मंगळवारी गेले तेव्हा वही काढून ठेवलेली होती. खारव्याच्या लाल बासनात बांधलेली, हात-दीड हात लांब, अरुंद. थोरल्या गुरुजींचं वय ८३. त्यांनी बासन सोडलं, कपड्याची घडी मांडीवर ठेवली, वहीला हात लावून नमस्कार केला आणि मग पानं उलटायला लागले. पानं उलटताना अंगठ्याला थुंकी नाही, पाणी नाही, पान खालून तळहातावर उचलून अलगद टाकायचं. मी बारकाईने बघत होते. कागद पिवळा, शाई तपकिरी झालेली, पण फिकी नाही. वहीच्या खालच्या कडेला दोन बोटं उंचीचा मळकट डाग, शेवटच्या पानापर्यंत गेलेला. मी विचारलं तर म्हणाले, "पुराचा. एकोणसत्तरचा. आम्ही रात्री वह्या डोक्यावर घेऊन माडीवर चढवल्या, ही पेटी शेवटची." म्हणजे नाना जानेवारीत येऊन नोंद करून गेले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात गोदावरीच्या महापुराचं पाणी त्या नोंदीपासून दोन बोटांवर आलं होतं. अजून थोडं चढलं असतं तर मी हे लिहीत नसते.

जुनी पानं मोडीत आहेत. मोडीची शिरोरेघ आधी पानभर ओढून घेतात आणि मग तिला लटकवत अक्षरं सलग लिहीत जातात, शब्द कुठे तुटतो ते सवयीनेच कळतं. ऱ्हस्व-दीर्घ एकच. १९६९ पर्यंत बहुतेकांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, धरली होती, पण या घरातले त्या वेळचे गुरुजी, म्हणजे थोरल्यांचे वडील, शेवटपर्यंत मोडीच लिहायचे. थोरले गुरुजी बोट न टेकवता, कागदाच्या वर बोट फिरवत वाचत होते. माझ्या पणज्याचं नाव आलं. आजोबा दोन वेळा आलेले. १९५३ मध्ये नाना आजोबांबरोबर, तेव्हा त्यांची सही शाळकरी. मग एकदम गुरुजींचं बोट थांबलं.

नोंद सात ओळींची होती. नानांचं नाव, बापाचं नाव, गाव. पुढे, "समस्त ग्रामस्थ मंडळींतर्फे". मग डॉक्टरांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, "एल सी पी एस डाक्तर", मूळ गाव, तालुका राजापूर. अस्थिविसर्जन. खाली नानांची सही बाळबोधीत, आणखी दोघांच्या सह्या, आणि एक अंगठा. अंगठ्यापुढे नाव लिहिलेलं: दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या, बाटल्या धुणाऱ्या आमच्या गावातल्या माणसाचं. चौघे गेले होते. घरी आम्हाला नाना एकटेच माहीत होते.

जातीच्या जागी काही लिहिलेलं नाही. तिथे नुसती रेघ आहे. गुरुजी म्हणाले, "वडिलांनी विचारलं असणार, यांना सांगता आलं नसेल. पण विधी अडवला नाही." त्या रेघेकडे मी बराच वेळ बघत राहिले.

नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचं कोणी असेल तर त्यांना ते आधी आमच्याकडून कळावं, असं आई म्हणाली आणि मला ते पटलं.

आडनावात एक अडचण आली. मोडीत एक अक्षर दोन प्रकारे वाचता येत होतं, आणि दोन्ही आडनावं कोकणात असतात. थोरले गुरुजी ठामपणे एक म्हणाले, तरी मला खात्री करून घ्यायची होती. त्यांनी अजिबात मनावर घेतलं नाही. "घ्या करून. चूक नाव लिहिण्यापेक्षा बरं." आमच्या नोंदीपुरता फोटो काढू दिला. वरखालच्या नोंदी दुसऱ्या घरांच्या होत्या, त्यांवर धाकट्या गुरुजींच्या पत्नीने कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि मगच फोटो घ्यायला सांगितलं. काही जणांना हा ताठपणा वाटेल. मला तो विश्वास वाटला. आमच्या पानावरही उद्या कोणी असाच कागद ठेवेल.

खात्री घरीच झाली. माझा देवी काढल्याचा दाखला आईने जपून ठेवलाय, १९६८ च्या जूनचा, शाळेत घालताना डॉक्टरांनी लिहून दिलेला. खाली इंग्रजी सही. ही सही मी या चार महिन्यांत पन्नास वेळा तरी भिंगाखाली धरली होती. पोस्टात असताना ज्या पत्त्यांपुढे सगळे हात टेकायचे ते वाचायला माझ्याकडे यायचे, पण ही सही मला लागली नव्हती. एक उंच दांडा, मग लाटा, शेवटी खाली ओढलेला फराटा. वहीतलं नाव शेजारी लिहून ठेवलं आणि पुन्हा बघितलं. उंच दांडा म्हणजे पहिलं अक्षर. मधली गाठ म्हणजे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर. लाटांमध्ये आडनाव, आणि जे अक्षर दोन प्रकारे वाचता येत होतं त्या जागी एक स्पष्ट वळसा, थोरल्या गुरुजींनी सांगितलं होतं तेच. नाव माहीत झाल्यावर ती सही इतकी स्वच्छ दिसायला लागली की आधी का दिसत नव्हती ते सांगता येणार नाही. मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. आई म्हणाली, "हो. हेच म्हणायचे नाना."

आता व्यवहाराचं. मला पाचपैकी साडेचार द्यायचेत.

दक्षिणा त्यांनी मागितली नाही. मी ५०१ रुपये आणि वहीसाठी नवं खारव्याचं कापड दिलं. कापड घेताना थोरल्या गुरुजींना पैशांपेक्षा जास्त आनंद झाला. तुम्हीही काही न्यायचं मनात असेल तर कापड न्या. पहिली भेट सव्वा तासाची, दुसरी तीन तासांची. सकाळी जाऊ नका, तेव्हा विधी चालू असतात आणि तुम्ही मध्ये मध्ये करता. पितृपक्ष, अमावास्या आणि सलग सुट्ट्या टाळा. सध्या सिंहस्थाची कामं चालली असल्याने घाटाकडे गाडी न्यायचा प्रयत्नच करू नका, लांब लावून चालत या. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की खालचा सगळा भाग बंद होतो, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कितपत पाणी लागलंय (पूर त्यावरूनच मोजतात) ते विचारूनच निघा. माडीचा जिना उभा आहे आणि कठडा नाही, गुडघेदुखीवाल्यांना कठीण. मी आईला नेऊ शकले नाही, त्याचं वाईट वाटलं.

जाताना बरोबर काय हवं? मृत माणसाची माहिती असेल तेवढी न्या, पण तिच्याहून महत्त्वाचं म्हणजे नाशिकला अस्थी कोण घेऊन गेलं होतं त्याचं पूर्ण नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, आणि त्या वेळचं गाव. आत्ता राहता ते गाव नको, मूळ गाव. सन माहीत नसेल तर सणावरून सांगा, दुष्काळावरून सांगा. ७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर एवढ्यावरही गुरुजी निम्मी पानं बाजूला टाकतात.

अर्धा गुण कापला तो एका गोष्टीसाठी, आणि ती मी थोरल्या गुरुजींना तिथेच सांगितली. जुन्या नोंदींत बायका नाहीत. पणज्यापासून नानांपर्यंत सगळे पुरुष पाठ म्हटल्यासारखे सापडले, माझ्या आजीचं नाव कुठेही नाही, "सहकुटुंब" या शब्दात ती आहे. पणजीचं नाव आज जगात कोणालाच माहीत नाही. एखाद्या सुईणीचं, एखाद्या मास्तरीणबाईचं नाव कोणी या वहीत शोधायला आलं तर त्याला रिकाम्या हाताने जावं लागेल. थोरले गुरुजी गप्प ऐकत होते. धाकटे म्हणाले की आता ते सगळ्यांची नावं लिहितात, लेकीसुनांचीही. त्यांच्या पत्नी वह्यांतल्या गावांची आणि आडनावांची यादी संगणकावर उतरवत आहेत, कोणती वही कोणत्या पेटीत एवढं तरी चटकन कळावं म्हणून. नोंदी मात्र वहीतच राहणार, त्या बाहेर द्यायच्या नाहीत, असं त्या म्हणाल्या.

निघायच्या आधी नवी नोंद करायची असते. धाकट्या गुरुजींनी चालू वही काढली आणि मी एकेक नाव सांगत गेले: नाना, आईचं पूर्ण नाव, तिच्या सासूचं नाव, भाऊ, भावजय, माझ्या दोन्ही मुली. येण्याचं कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरांचं नाव शोधायला." त्यांनी तसंच लिहिलं, आणि शके १८९० च्या नोंदीचा हवाला देऊन डॉक्टरांचं पूर्ण नाव बाळबोधीत पुन्हा लिहून घेतलं. आता पुढच्या माणसाला मोडी यावी लागणार नाही. मी सही केली.

अंगठा उठवणाऱ्या त्या गृहस्थांचा मुलगा गावातच आहे, सत्तरीचा. त्याला फोटो दाखवला. त्याच्याकडे बापाचा फोटो नाही, काही कागद नाही. तो मोबाइलच्या काचेवर स्वतःचा अंगठा त्या ठशाशेजारी धरून बघत होता.

राहिलं राजापूर. डॉक्टरांच्या मूळ गावाच्या नावाच्या वाड्या त्या तालुक्यात एकाहून जास्त आहेत, आणि डॉक्टर गेले तेव्हा पिनकोडही नव्हते, ते १५ ऑगस्ट १९७२ ला आले. मी तिथल्या तिन्ही शाखा डाकघरांच्या पोस्टमास्तरांना पत्रं लिहिली. माझ्या काळात हे रजिस्टरने पाठवलं असतं, पण २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळली आहे, म्हणून स्पीड पोस्ट. पत्रात डॉक्टरांचं नाव, वडिलांचं नाव, आणि गावात या घरचं कोणी आहे का एवढंच विचारलंय. खेड्यातल्या पोस्टमास्तरला कोण कुठल्या घरचं ते माहीत असतं. दोन पत्रं पोचल्याचं कळलं, तिसऱ्याचं अजून नाही. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.